थांबलेल्या पेशींनी शिकवलेलं

मी मूळची बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतली. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकले, पुढे मुंबईत पेशी वाढवण्याच्या कामाला लागले आणि त्यातच रमले. काम एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलं: चांगली पेशी एका टप्प्यावर विभागायची थांबते ती का, आणि कर्करोगाची पेशी का थांबत नाही? सुट्टीत घरी आले की आत्या विचारायची, "पेशी म्हातारी होते म्हंजे काय होते वं? अन् तिचा कॅन्सरशी काय संबंध?" वर्षं गेली तशी माझी उत्तरं बदलत गेली. त्यातली जी आजही मला खरी वाटतात, ती इथे लिहिते.

१. नाव मोठं असलं तरी फ्लास्क स्वतः बघावा.

अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. तो वाढतच राहिला, अशी ख्याती झाली. कॅरेल १९४४ साली गेले, तरी त्यांचं कल्चर १९४६ पर्यंत चालू होतं. कॅरेल त्याच १९१२ साली नोबेल मिळालेले, त्यामुळे पेशी मुळात अमर असते हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. कुणाच्या पेशी मेल्या, तर दोष त्याच्या हातांचा.

फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधले लिओनार्ड हेफ्लिक मात्र आपल्या फ्लास्ककडे बघत राहिले. मानवी गर्भातल्या तंतुपेशी सुमारे ५० वेळा दुप्पट होत आणि मग थांबत. मरत नसत, फक्त विभागत नसत. दोष माध्यमाचा की पेशीचा, हे ठरवायला त्यांनी आणि पॉल मूरहेड यांनी पुरुषाच्या बऱ्याच विभागलेल्या पेशी आणि स्त्रीच्या ताज्या पेशी एकाच फ्लास्कमध्ये मिसळल्या. माध्यम तेच, हात तेच. बऱ्याच विभाजनांनंतर पाहिलं तर उरल्या होत्या फक्त स्त्रीच्या पेशी. म्हणजे मोजदाद पेशीच्या आतच होत होती. हा निबंध एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला. पत्र लिहिणारे संपादक पेटन राउस यांना पुढे, १९६६ साली, कर्करोगाच्याच कामासाठी नोबेल मिळालं. निबंध १९६१ मध्ये दुसरीकडे छापून आला. नव्या विद्यार्थ्याला मी सर्वांत आधी मिसळण्याचा हा प्रयोग सांगते, कारण इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग माझ्या माहितीत दुसरा नाही.

२. आधी पेशी जगवायला शिकावं.

याचं उदाहरण शोधायला आपल्याला परदेशाकडे बघायची गरज नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांनी एम. एस्सी. केलं ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. मग मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या आणि १९४९ मध्ये पीएच. डी. झाल्या. त्यानंतर बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या. हे तेच गे, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या आणि आजतागायत थांबलेल्या नाहीत. त्या पेशी घेताना लॅक्सबाईंना कुणी विचारलं नव्हतं. हेला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पेशींची बाटली उघडताना हे आठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रणदिवे परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनकर्करोगावर काम करताना आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी अगदी लवकर ओळखला. १९५८ साली बापट आणि खानोलकर यांच्यासोबत त्यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वाढवला. त्याला संस्थेच्याच नावाने आयसीआरसी बॅसिलस म्हणतात, आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगाची लस तयार झाली. दाजीसाहेब पटवर्धनांचं कुष्ठरुग्णांसाठीचं तपोवन ज्या अमरावतीत आहे, तिथल्या माणसाला या जंतूचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. १९७३ साली रणदिवे यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी केली, आणि उतारवयात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं.

मी या परंपरेत शिकले. माध्यमाचा गुलाबी रंग पिवळा पडू लागला की ते बदलायचं, मग रविवार असो की दिवाळी. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी टपलेलीच असते. पेशी फ्लास्कपासून सोडवणारं ट्रिप्सिन मिनिटभर जास्त राहिलं तर पेशी रुसतात. या कामाला कारकुनी समजणारे लोक भेटले. माझं मत उलटं आहे: ज्याच्या हाताखाली पेशी नीट जगत नाहीत, त्याने त्यांच्या म्हातारपणाबद्दल काही सांगू नये.

३. निळा रंग हा पुरावा नाही, इशारा आहे.

१९९५ साली गोवर्धन दिमरी, ज्युडिथ कँपिसी आणि सहकाऱ्यांनी थांबलेली पेशी ओळखायची एक खूण दिली. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम सामू ६ ला तपासलं, तर अशा पेशी निळ्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, पसरट, निळ्या पेशी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी बराच वेळ हललेच नाही. पण हा रंग लहरी आहे. त्याची प्लेट कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची नसते, सामू बिघडतो. पेशींची दाटी झाली किंवा सीरम कमी पडलं, तरी निळाई येते. म्हणून पी-१६ आणि पी-२१ ही प्रथिनं बघायची, डीएनएची नवी प्रत बनते आहे का ते बघायचं, आणि तीन-चार साक्षी जुळल्या की मगच बोलायचं.

४. थांबणं हा शरीराने केलेला बचाव आहे.

गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. दर विभाजनात ते थोडे आखूड होतात, आणि फार आखूड झाले की पेशी थांबते. ही टोकं लांबवणारं टेलोमरेज एन्झाइम कॅरोल ग्रायडर यांना १९८४ च्या नाताळच्या दिवशी दिसलं. त्यांना, एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. कर्करोगाच्या दहापैकी साधारण नऊ गाठींत हे एन्झाइम पुन्हा जागं झालेलं असतं.

टेलोमिअर आखूड व्हायच्या कितीतरी आधीही पेशी थांबू शकते. १९९७ मध्ये मॅन्युएल सेरॅनो आणि सहकाऱ्यांनी चांगल्या पेशीत रास हे कर्करोगी जनुक घातलं. पेशी बेफाम वाढण्याऐवजी थांबली. हे फक्त काचेतलं असेल, अशी शंका होती. ती २००५ मध्ये अंगावरच्या तिळांनी फेडली: अनेक तिळांतल्या पेशींमध्ये कर्करोगाकडे नेणारा बीरॅफ जनुकाचा बिघाड असतो, तरी त्या वाढायच्या थांबून वर्षानुवर्षं तशाच राहतात. आत्याच्या हनुवटीवरचा तीळ दाखवून मी तिला हे सांगितलं होतं. तिला ते लगेच कळलं.

५. थांबलेली पेशी गप्प मात्र बसत नाही.

हे कळायला जगाला वेळ लागला. थांबलेल्या तंतुपेशी शेजारच्या अर्धवट बिघडलेल्या पेशींना वाढायला मदत करतात, हे कँपिसींच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये दाखवलं. २००८ मध्ये त्यांनी या पेशी बाहेर काय सोडतात त्याची यादीच मांडली: इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, ऊती विरघळवणारी एन्झाइमं. जखम भरताना हाच स्राव उपयोगी पडतो, रोगप्रतिकारक पेशींना बोलावून थांबलेल्या पेशी काढून टाकायलाही तोच कामी येतो. तरुणपणी ही साफसफाई वेळेवर होते. वयाबरोबर ती रेंगाळते, पेशी साचत जातात आणि सततची सूज मागे राहते. एका वयात जो बचाव, तोच दुसऱ्या वयात घात करतो. कँपिसी आणि हेफ्लिक दोघंही २०२४ साली गेले. माझ्या पिढीने जे काही विचारलं, ते या दोघांच्या कामावर उभं राहून.

६. "म्हातारपण घालवणारं" औषध विकणाऱ्यापासून सावध.

२०११ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी उंदरांतल्या पी-१६ असलेल्या, म्हणजे थांबलेल्या, पेशी नाहीशा केल्या आणि उंदरांची वयाबरोबर येणारी दुखणी लांबणीवर पडली. २०१५ मध्ये अशा पेशी मारणारी डॅसॅटिनिब आणि क्वेरसेटिन ही जोडी पुढे आली. डॅसॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे, त्याचे दुष्परिणाम साधे नाहीत. माणसांवरच्या चाचण्या अजून लहान आणि सुरुवातीच्या आहेत. तरी मला गावाकडून फोन येतात, अमुक पावडर घेऊ का? माझं उत्तर ठरलेलं आहे: नको.

कर्करोगाच्या उपचारातही या थांबण्याचा धागा आहे. केमोथेरपीने आणि किरणांनी गाठीतल्या सगळ्याच पेशी मरत नाहीत, काही थांबतात. लिम्फोमावर २०१८ मध्ये आलेल्या कामात असं दिसलं की त्यातल्या ज्या पुन्हा सुटतात, त्या आधीपेक्षा आक्रमक असतात. बीटी कापसाला पुरून उरलेली गुलाबी बोंडअळी किती भारी पडते, हे २०१७ च्या हंगामात वऱ्हाडाने बघितलंच आहे. म्हणून गाठ लहान झाली, बरं वाटतंय, आता कशाला जायचं, असं म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये.

७. प्रयोगशाळेतलं ज्ञान पानठेल्यापर्यंत न्यावं.

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरलेला. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, खर्रा घोटणं काही थांबलं नाही. अनेकांना वाटतं की दोष तंबाखूचा, नुसती सुपारी निरुपद्रवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तर तंबाखूशिवायची सुपारीही २००४ च्या आपल्या ग्रंथात कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात ठेवली आहे.

सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, तिखट लागलं की आग होते, तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. अशा गालातल्या तंतुपेशींमध्ये थांबलेल्या पेशी जास्त असतात, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यांची एन्झाइमं ताठ झालेली ऊती काही अंशी विरघळवतात, हे चांगलं. पण त्याच एन्झाइमांनी पुढे बिघडलेल्या पेशींना वाट मोकळी होऊ शकते. म्हणजे ज्या पेशी मी फ्लास्कमध्ये आयुष्यभर पाहिल्या, त्या बडनेरा स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या विशीतल्या पोराच्या गालात आत्ता साचत असतील. त्याचं वय वीस, त्याच्या गालाचं कितीतरी जास्त. हे चित्र मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून सुट्टीत आले की मी शाळांमध्ये बोलते. पोरं ऐकतात. पेशीचा फोटो दाखवला की जास्त ऐकतात.

तेव्हा वाचणाऱ्यांना एकच मागणं आहे. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते आज बघा. घरातल्या खर्रा खाणाऱ्यालाही बघायला लावा. बोटं जात नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातला फोड दोन आठवड्यांत भरला नसेल, तर अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे दाखवा, आणि तुकडा तपासायला सांगितला तर घाबरून परत फिरू नका. खर्रा मात्र आजच सोडा.