जग संपल्यावर तिथं कोण राहतं?

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी सांगितलं की सुट्टीत मी एक जग लिहून काढलं. दोघं-तिघं हसले. कथा लिहितात, कविता लिहितात, जग कसं लिहितात? संपादक म्हणाले, तेच लिहून दे. म्हणून हा लेख. कुणाला असं काही करून बघायचं असेल तर उपयोगी पडावा, आणि माझी जी चूक झाली ती तुमची होऊ नये.

आधी थोडं खेळाबद्दल. रोल-प्लेइंग गेम म्हटलं की सगळ्यांना कॉम्प्युटर आठवतो. आम्ही खेळतो तो टेबलावरचा. चार-पाच जण, कागद, पेन्सिल, फासे आणि पोह्यांची एक परात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण सूत्रधार, त्याला आम्ही जीएम म्हणतो. तो म्हणतो, समोर तुटका पूल आहे, खाली पाणी आहे, काय करता? बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत छापून आला आणि त्यातून हा प्रकार पसरला. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, 'गॅमा वर्ल्ड' आला. त्यातली पृथ्वी आधीच उद्ध्वस्त झालेली आहे. कॉम्प्युटरवरचा 'फॉलआउट' १९९७ चा. तो घडतो अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात, आणि तिथलं ते वाळवंट इतकं गाजलं की आता जग संपलं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं वाळूच येते.

माझ्याही आली. मी बेळगावचं वाळवंट केलं. किल्ल्याच्या खंदकात वाळू, कॅम्पात वाळू, गॉगल लावलेले लुटारू. आमच्यात एक जण सिव्हिलचा डिप्लोमा करतो. त्यानं पहिलं पान वाचलं आणि वही मिटली. "अगं, जूनमध्ये जांबोटीला येऊन बघ की जरा. वाळवंट कुठलं आणतेस?"

खरंच की. आपल्याकडे माणसं निघून गेली तर मागं वाळू उरणार नाही, रान उरेल. मग आम्ही दोघांनी एक अख्खा रविवार घरं कशी पडतात यावर घालवला, आणि या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या रविवारानं. कौलारू घराचं मरण एका कौलापासून सुरू होतं. माकडानं किंवा वाऱ्यानं एक कौल सरकतं, तिथून पाणी वाशांवर पडतं, वासा कुजतो, छप्पर खाली बसतं. मग मातीच्या भिंतीचा माथा उघडा पडतो, आणि डोक्यावर छप्पर नसलेली मातीची भिंत चार-दोन पावसाळ्यांत विरघळते. जांभ्या दगडाचं बांधकाम मात्र टिकतं. जोतं तर टिकतंच. वड-पिंपळाच्या मुळ्या त्याला फोडतात तशा धरूनही ठेवतात. याउलट काँक्रीट. त्याच्या फटीतून पाणी आतल्या सळईपर्यंत जातं, सळई गंजते, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे स्लॅब आतूनच फुटतो. शंभर वर्षांनी पाच मजली अपार्टमेंटमध्ये कुणी शहाणा माणूस पाऊल ठेवणार नाही, पण आजोबांच्या काळातल्या चिऱ्यांच्या जोत्यावर नवी झोपडी उभी असेल. डांबरी रस्त्याबद्दल मी लिहीत नाही. एका पावसाळ्यात त्याचं काय होतं ते आपण सगळेच बघतो. आणि पेट्रोल वर्ष-दोन वर्षांत खराब होतं, त्यामुळं गाड्या पळवायच्या असतील तर दुसरा खेळ शोधा. आमच्या जगात गाडी म्हणजे लोखंडाची खाण.

दुसरा प्रश्न वर्षांचा. आपत्ती कुठली, यावर नवखे लोक दहा पानं लिहितात. रोग, युद्ध, उल्का. माझ्या मते त्यावर एक ओळ पुरे, आणि तीही पात्रांना ठाऊक नसलेली बरी. त्यापेक्षा किती वर्षं झाली हे ठरवा, कारण त्या एका आकड्यावर बाकी सगळं ठरतं. वीस वर्षं झाली असतील तर सगळ्यांना सगळं आठवतं आणि खेळ शोकाचा होतो. सहाशे वर्षं झाली असतील तर कुणालाच काही आठवत नाही, नुसत्या वस्तू उरतात. वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ' ही कादंबरी (१९५९) अशी सुरू होते. वाळवंटातल्या मठातले संन्यासी जुन्या जगातले कागद जिवापाड जपतात, आणि त्यांत वाण्याच्या सामानाची एक यादीही आहे. एक बिचारा ब्रदर विजेच्या उपकरणाच्या एका नकाशाची सोनेरी वेलबुट्टीसकट नक्कल करण्यात पंधरा वर्षं घालवतो. तो नकाशा कशाचा, हे त्याला माहीत नाही. मी कॅथलिक घरातली, त्यामुळं मला ते वाचताना हसू आलं आणि घशात अडकलंही. मिलर दुसऱ्या महायुद्धात विमानदळात होता, इटलीतल्या मोन्ते कासिनोच्या मठावर १९४४ मध्ये बॉम्ब पडले त्या कामगिरीत तो होता. संत बेनेडिक्टनं स्थापलेला मठ. आपण काय पाडलं हे माहीत असलेल्या माणसानं लिहिलेलं पुस्तक आहे ते.

आम्ही नव्वद वर्षं घेतली. नव्वद वर्षांत एखाददुसरं माणूस असं उरतं ज्यानं जुनं जग लहानपणी बघितलंय. आमच्या खेळात एक म्हातारी आहे. तिला लिफ्ट आठवते, पण ती पेटी वर का जायची हे तिला सांगता येत नाही, आणि पोरं तिला खोटारडी म्हणतात.

बेळगावचं जग लिहायचं तर पाट्या आल्याच. आपल्याकडे एकाच गावाची नावं किती! जुन्या लेखांतलं वेणुग्राम, मग बेळगाव, इंग्रजीतलं बेलगाम, २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. त्या वादात मी इथं पडत नाही, घरी पुरेसा होतो. पण खेळाला त्याचा फार उपयोग झाला. कुठं कन्नड, कुठं मराठी, कुठं इंग्रजी अशा पाट्या. नव्वद वर्षांनी शाळा नाहीत. कोण काय वाचू शकतं? आम्ही असं ठरवलं की प्रत्येक पात्राला एकच लिपी येईल. एका फुटक्या पाटीवर वरच्या ओळीत गावाचं नाव, खालच्या ओळीत 'पाणी पिण्यायोग्य नाही'. वर एक लिपी, खाली दुसरी. एकानं गावाचं नाव वाचलं, सगळे खूश झाले आणि पाणी प्यायले. दुसरी लिपी येणारी बाई त्या वेळी मागं राहिली होती, कारण आदल्या दिवशी तिच्याशी भांडण झालं होतं. हे मी आधी लिहिलेलं नव्हतं हं. जग नीट उभं केलं की गोष्ट आपोआप घडते, ती अशी.

राक्षस, सहा पायांचे कुत्रे वगैरे ज्यांना हवेत त्यांनी घालावेत. मला त्यापेक्षा मीठ महत्त्वाचं वाटतं. घाटमाथ्यावर भात होतो, ज्वारी होते, मीठ होत नाही. ते खालून, मिठागरांतून यायचं. पूर्वी बैलांच्या तांड्यांवरून मीठ वर यायचं आणि धान्य खाली जायचं. ट्रक नाहीत म्हटल्यावर तीच वाट परत उघडणार. तुमच्या जगाचा नकाशा काढायचा असेल तर आधी मीठ कुठून येतं ते विचारा, मग नदी, मग राजे-बिजे.

मिठाच्या वाटेनं आमची पात्रं चोर्ला घाट उतरली, गोव्यात पोचली, दक्षिणेला सांग्याकडे वळली. आणि तिथं माझी ती चूक.

सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव होतं. मोगूबाई कुर्डीकरांच्या नावातलं कुर्डी ते हेच. साळावली धरण झालं तेव्हा, १९८० च्या दशकात, ते पाण्याखाली गेलं. लोकांना वाडें आणि वालकिणीला जागा दिल्या. जुनं महादेवाचं देऊळ दगड न् दगड सोडवून दुसरीकडे उभारलं. घरं तशी हलवता येत नाहीत. दर मे महिन्यात पाणी उतरतं आणि गाव वर येतं: जोती, विहिरी, बुंधे. त्या दिवसांत जुने गावकरी परत येतात, हिंदू देवळाच्या उत्सवाला, ख्रिस्ती कपेलाच्या फेस्ताला.

उद्ध्वस्त जग लिहिणाऱ्याला यापेक्षा आयती जागा काय मिळणार? मी तिथं चिखलातून उठणारी भुतं घातली आणि वेदीखाली लोखंडाची पेटी. खजिना.

आम्ही माझ्याच घरी खेळत होतो. माय, म्हणजे मम्मीची आई, शेजारच्या खोलीत वालपापडी मोडत बसली होती. ती कुर्डीची. लग्न होऊन खानापूरकडे आली, पण माहेर तिथलं. हे मला ठाऊक होतं की. लिहिताना डोक्यातच आलं नाही, हे सांगायलाही लाज वाटते. माझं चिखल, हाडं, अंधार असं वर्णन रंगात आलं होतं आणि माय दारात आली. रागावली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "आनी थंय कोण रावतालो?" तिथं राहायचं कोण?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस पानांच्या वहीत लुटारूंच्या तीन टोळ्या होत्या, पण त्या गावात आधी कोण राहायचं याची एक ओळ नव्हती. मग माय बसली आणि सांगायला लागली. विहिरीपलीकडचं घर कोणाचं, फणस कोणाचा आणि त्यावरून कुणाचं कुणाशी बोलणं बंद होतं, पावसात ओहोळ ओलांडताना पोरांना कोण हात द्यायचं. अर्धा तास कुणी फासा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती पानं फाडली. सिव्हिलवाल्याला फोन केला, तर तो वेगळंच बोलला. "एक सांगू? तुझ्या जगात ते गाव वर येणारच नाही." का? तर मे महिन्यात पाणी उतरतं ते मुख्यतः धरणातून पिण्याला आणि शेतीला पाणी जातं म्हणून. माणसंच नसतील तर पाणी उपसणार कोण? साळावलीच्या सांडव्याला दरवाजे नाहीत. तलाव भरला की पाणी त्या मोठ्या तोंडातून आपसूक खाली कोसळतं. म्हणजे तलाव भरलेला राहील आणि कुर्डी कायमचं खाली.

मी फोन ठेवून बराच वेळ बसले. जिवंत माणसं पाणी पितात म्हणून ते गाव दरवर्षी दिसतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. अ‍ॅपोकॅलिप्स हा शब्द ग्रीकमधला. त्याचा मूळ अर्थ नाश नाही, झाकण काढणं. मराठी बायबलातलं शेवटचं पुस्तक म्हणूनच 'प्रकटीकरण'.

आता आमच्या जगात असं आहे. नव्वद वर्षांनंतरही कुर्डीच्या लोकांची नातवंडं-पतवंडं धरणाच्या पायथ्याशी राहतात. त्यांतल्या बहुतेकांनी गाव कधी बघितलेलं नाही, फक्त नावं पाठ आहेत. दर वर्षी ते खालचा दरवाजा फिरवून पाणी सोडतात, गाव वर येईपर्यंत. खालच्या शेतकऱ्यांना ते परवडत नाही. त्यांना पाणी थोडं थोडं, जूनपर्यंत पुरवून हवंय. दोघांचंही बरोबर आहे. आणि दरवाज्याचं ते चाक गंजत आलंय, फार तर दोनदा आणखी फिरेल. आमची पात्रं तिथं लोखंड शोधत पोचली आहेत.

तुम्ही करून बघणार असाल तर तुमच्या ओळखीची एक पडकी जागा घ्या, बंद पडलेलं थिएटर, गिरणी, काहीही. तिथं पूर्वी कोण असायचं ते कुणातरी म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि मगच जग संपवा.

मी नवीन पानं मायला वाचून दाखवली. पाणी फेस्ताच्या आदल्या दिवशी सोडतात असं मी लिहिलं होतं. तिनं मान हलवली. "आदल्या दिवशी सोडून काय उपयोग? चिखल वाळायला नको? म्हाताऱ्या बायका चालणार कशा?" किती दिवस आधी सोडायचं, ते तिनं बोटांवर मोजून सांगितलं, आणि मी वहीत दुरुस्त केलं.