धानाला पाणी : किती आणि केव्हा?

वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या काठचा लाखांदूर तालुका हा धानाचा मुलूख होय. येथील बांध्यांना पावसाबरोबरच इटियाडोह प्रकल्पाचा कालवा, जुने मालगुजारी तलाव, बोड्या आणि विहिरी यांचा आधार आहे. खरिपाचे धान मुख्यतः पावसावर पोसते. उन्हाळी धानासाठी मात्र बहुतेक सारे पाणी साठ्यातून काढावे लागते. म्हणूनच बांधीला पाणी किती व केव्हा द्यावे, हा प्रश्न एका शेतकऱ्याचा न राहता साऱ्या गावाचा होतो.

बांधी सदैव भरलेली असावी, असा समज रूढ आहे. तो अगदीच निराधार नाही. उभ्या पाण्यामुळे तण दबते. परंतु धान हे पाण्यात तग धरणारे पीक आहे. सतत पाण्यात उभे राहणे ही त्याची गरज नव्हे. एक एकर बांधीत पाच सेंटिमीटर पाणी भरावयाचे तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. त्यातील बराच भाग जमिनीत मुरतो, काही उन्हाने उडतो, तर काही धुऱ्यातील खेकड्यांच्या बिळांवाटे निघून जातो.

नळीचे माप

फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यावर एक सोपी पद्धत प्रचारात आणली आहे. तीस सेंटिमीटर लांब आणि दहा ते पंधरा सेंटिमीटर रुंद अशी प्लॅस्टिकची किंवा बांबूची नळी घ्यावी. तिच्या खालच्या अर्ध्या भागास छिद्रे पाडावीत. तो भाग धुऱ्याजवळ, सहज दिसेल अशा जागी जमिनीत रोवून आतील चिखल काढून टाकावा. नळीतील पाणी जमिनीच्या पृष्ठभागाखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरले, की पुन्हा पाच सेंटिमीटर पाणी भरावे. मधले दिवस सर्वत्र सारखे नसतात. भारी कन्हार जमिनीत पाणी अधिक टिकते, हलक्या सिहार जमिनीत लवकर उतरते. म्हणून पाण्याचा दिवस पंचांगावरून नव्हे, नळी पाहून ठरवावा.

या पद्धतीस काही मर्यादा आहेत. रोवणीनंतर एक ते दोन आठवडे, आणि तण अधिक असल्यास तीन आठवड्यांपर्यंत, बांधीत उथळ पाणी राखावे. फुलोऱ्याच्या आधी व नंतर एकेक आठवडा पाणी तुटू देऊ नये. या काळात ताण पडल्यास दाणे पोचट राहतात. जमिनीस मोठ्या भेगा पडू देऊ नयेत. कापणीपूर्वी दहा ते पंधरा दिवस पाणी काढून टाकावे. एवढे पथ्य पाळल्यास उत्पन्न न घटता पंधरा ते तीस टक्के पाणी वाचू शकते. शिवाय सतत भरलेल्या बांधीतून निघणारा मिथेन वायूही कमी होतो.

वाटपाचा प्रश्न

कालव्याच्या पाण्यावर एकट्या शेतकऱ्याची सत्ता चालत नाही. पुढचे पाणी मिळेल की नाही, या शंकेनेच तो मिळेल तेव्हा बांधी तुडुंब भरून घेतो आणि टोकाच्या शेतकऱ्याचे धान फुलोऱ्यात वाळते. पाळी निश्चित असेल तरच नळीचे माप उपयोगी पडेल. यासाठी महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमान्वये स्थापन होणाऱ्या पाणी वापर संस्थांनी पाळ्यांचे वेळापत्रक आधी जाहीर करावे. ग्रामपंचायतीने एका बांधीत प्रात्यक्षिक घ्यावे, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून नळीतील पातळीची रोज नोंद करवावी. गावाने एका हंगामाच्या नोंदी डोळ्यांनी पाहिल्या, तर टोकाच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचविणे पुष्कळ सुकर होईल.