डिस्टिल्ड वॉटर ते दूध : इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरची खरी परीक्षा

फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग केमिस्ट्रीत नर्न्स्टचं समीकरण आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. परीक्षेत ते डेरिव्हेशनसकट उतरवायचं, मार्क घ्यायचे आणि पेपर संपला की विसरायचं. पण फायनल इयरला आमच्या ग्रुपने 'दुधातला युरिया मोजणारा सेन्सर' हा प्रोजेक्ट घेतला आणि हे समीकरण पुन्हा आमच्या मानगुटीवर बसलं. त्या निमित्ताने जे वाचलं आणि लॅबमध्ये जे पाहिलं, ते ज्युनियर मित्रांसाठी इथे मांडतो आहे.

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर म्हणजे थोडक्यात काय? नमुन्यातला नेमका एक पदार्थ ओळखणारा थर, त्याला चिकटलेला इलेक्ट्रोड आणि मिळालेला सिग्नल वाचणारं सर्किट. यात दोन घराणी आहेत. एकात करंट जवळजवळ वाहू न देता नुसतं व्होल्टेज वाचायचं. पीएच मीटर या घराण्यातला. दुसऱ्यात ठराविक व्होल्टेज लावून करंट मोजायचा; घरोघरी असलेला ग्लुकोमीटर या घराण्यातला. पुस्तकात एवढंच असतं. खरी गंमत पुढे आहे, कारण कोणताही सेन्सर स्वच्छ पाण्यात बनवलेल्या द्रावणात शहाण्यासारखा वागतो. तो बिघडतो तो खऱ्या नमुन्यात.

पीएच मीटरचा जन्मच मुळी अशा बिघडवणाऱ्या नमुन्यामुळे झाला. १९३४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या फळबागायतदारांच्या संघटनेत काम करणाऱ्या ग्लेन जोसेफ यांना लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रसात सल्फर डायऑक्साइड असल्यामुळे लिटमसचा रंगच उडून जायचा. हायड्रोजन इलेक्ट्रोडही त्यात टिकेना. काचेचा इलेक्ट्रोड टिकत होता, पण काचेचा रोध इतका प्रचंड की गॅल्व्हानोमीटर हलण्यासाठी काच अगदी पातळ ठेवावी लागे आणि ती सारखी फुटे. जोसेफ आपला जुना वर्गमित्र अर्नोल्ड बेकमन याच्याकडे गेले. बेकमन कॅलटेकमध्ये शिकवत होते. त्यांनी व्हॅक्यूम ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला, मग जाड काच चालू लागली. म्हणजे केमिस्ट्रीची अडचण इलेक्ट्रॉनिक्सने सोडवली! आजही हा मुद्दा तसाच आहे. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शंभर मेगाओमच्या घरात असू शकतो आणि आपल्या लॅबमधल्या डिजिटल मल्टिमीटरचा इनपुट साधारण दहा मेगाओम. तो सरळ जोडला तर खऱ्या व्होल्टेजचा अकरावा हिस्सा दिसेल. म्हणून मध्ये सीए ३१४० सारखा एफईटी इनपुटचा ऑप-अँप हवाच.

दुसरं उदाहरण लेलँड क्लार्क यांचं. रक्तातला ऑक्सिजन मोजायला प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड घातला की रक्तातली प्रथिनं त्यावर बसून तो आंधळा व्हायचा. क्लार्क यांनी इलेक्ट्रोडवर पॉलिथिनचा पातळ पडदा ताणला. ऑक्सिजन आरपार जातो, प्रथिनं बाहेरच राहतात. हे काम १९५६ मध्ये प्रसिद्ध झालं. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी त्याच कल्पनेत एन्झाइमचा थर घालून ग्लुकोज मोजण्याची वाट दाखवली. आजच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीचं मूळ तिथे आहे. शोध इलेक्ट्रोडचा नव्हता, पडद्याचा होता, असं मला वाटतं.

आता दुधाकडे येऊ. दुधात पाणी घातलं की एसएनएफ घसरतो, तो वर दिसावा म्हणून युरिया मिसळला जातो. पण गाई-म्हशीच्या दुधात मुळातच थोडा युरिया असतो. म्हणून 'आहे की नाही' हा प्रश्न चुकीचा, 'किती आहे' हा बरोबर. एफएसएसएआयने दुधासाठी ७०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे सुमारे ७०० मिलिग्रॅम, ही मर्यादा घातली आहे.

युरिया ओळखायला युरिएज हे एन्झाइम वापरतात. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांतून (आपल्या अबईच्या शेंगेची ही जवळची बहीण) त्याचे स्फटिक मिळवले आणि १९४६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हे एन्झाइम सोयाबीनमध्ये आणि आपल्या तुरीतही असतं. एफएसएसएआयने घरी करायची एक चाचणी सांगितली आहे ती यावरच बेतलेली आहे: चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीन किंवा तुरीची पावडर घालून हलवायचं, पाच मिनिटांनी लाल लिटमस बुडवायचा. निळा झाला तर युरिया. स्वयंपाकघरातला बायोसेन्सरच म्हणा ना! पण यात आकडा मिळत नाही.

आकडा मिळवायचा तर युरिएजने युरियाच्या एका रेणूपासून तयार केलेले दोन अमोनियम आयन मोजायचे. गिलबॉल्ट आणि मोंटाल्व्हो यांनी असा युरिया इलेक्ट्रोड १९६९ मध्येच केला होता. पीएच मोजून का नाही, असं आम्हालाही सरांनी विचारलं. कारण दुधात फॉस्फेट, सायट्रेट, केसिन हे सगळे बफर ठाण मांडून बसलेले असतात, ते पीएच सहज हलू देत नाहीत. म्हणून अमोनियमला ओळखणारा नोनॅक्टिनचा पीव्हीसी पडदा.

इथे कॅल्क्युलेटर काढा. ७०० मिलिग्रॅम युरिया म्हणजे लिटरमागे ११.७ मिलिमोल, म्हणजे २३.३ मिलिमोल अमोनियम. छान. पण दुधात लिटरमागे सुमारे १५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे ३८ मिलिमोल. पोटॅशियम आयनाचा आकार अमोनियमसारखाच, त्यामुळे नोनॅक्टिन दोघांत साधारण दहापटच फरक करतो. म्हणजे ३८ मिलिमोल पोटॅशियम हा सेन्सरला ३.८ मिलिमोल अमोनियम म्हणून दिसणार. युरियात सांगायचं तर लिटरमागे जवळजवळ ११५ मिलिग्रॅम, जो दुधात नाहीच!

हे फक्त गणित नाही. जनावराला सरकी पेंड आणि कोवळा हिरवा चारा जास्त झाला, खाण्यात प्रथिनं वाढली, की दुधातला नैसर्गिक युरिया वाढतो. समजा एखाद्या शेतकऱ्याच्या दुधात तो ६०० आहे. आपला सेन्सर ७१५ दाखवणार. सकाळी सहाला संकलन केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसाचं कॅन परत जाणार, वर गावात 'भेसळ करतो' असं नाव होणार. त्याने पाण्याचा थेंबसुद्धा घातलेला नसताना. फॅट कमी लागली तर दोन रुपये कमी मिळतात, इथे अब्रूच जाते.

मग करायचं काय? दूध दहापट पातळ करू, ही पहिली सूचना सगळेच करतात. त्याने पडद्यावर बसणारी चरबी आणि प्रथिनं कमी होतात, ते चांगलंच आहे. पण पोटॅशियम आणि अमोनियम दोन्ही सारखेच पातळ होतात, म्हणजे त्यांचं भांडण जसंच्या तसं. दुसरा मार्ग अमोनिया गॅस इलेक्ट्रोडचा. पीएच ७ ला अमोनियमचा एक टक्कासुद्धा वायूरूप अमोनिया होत नाही, पीएच ११ ला मात्र ९८ टक्के होतो. तो टेफ्लॉनच्या पडद्यातून पलीकडे जातो, पोटॅशियम अडकून राहतं. पद्धत निर्दोष. पण युरिएजला काम करायला पीएच ७ च्या आसपासच बरं वाटतं, म्हणजे आधी एन्झाइम, मग अल्कली, मग इलेक्ट्रोड स्थिर व्हायची वाट. रांगेतल्या पन्नास लोकांना एवढा वेळ कोण देणार?

आम्ही तिसरा मार्ग धरला, तो दोन कपांचा. एकाच दुधाचे दोन भाग, एकात युरिएज, एकात नाही. दोन्हीत पोटॅशियम सारखंच, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जातं. मात्र एक लक्षात ठेवा, मिलिव्होल्टची वजाबाकी करायची नाही! नर्न्स्टच्या समीकरणात लॉग आहे. आधी दोन्ही रीडिंग काँसन्ट्रेशनमध्ये बदलायची, मग वजा करायचं. २५ अंशांना काँसन्ट्रेशन दहापट झालं की ५९ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणून एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे चार टक्क्यांची चूक. ३०० आणि ७०० पीपीएमच्या दुधात, पोटॅशियम धरून, फक्त १७ मिलिव्होल्टचा फरक पडतो. शिवाय धारोष्ण दूध आणि थंड दूध यांचा स्लोप वेगळा, तेव्हा दोन्ही कप एकाच तापमानाला हवेत.

एक मजेदार मुद्दा रेफरन्स इलेक्ट्रोडचा. नेहमीच्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं आणि ते हळूहळू नमुन्यात झिरपतं. म्हणजे ज्या पोटॅशियमशी आपण लढतोय, ते आपणच ओततोय! म्हणून डबल जंक्शनचा इलेक्ट्रोड घ्यायचा आणि बाहेरच्या कप्प्यात लिथियम अ‍ॅसिटेट भरायचं.

हीच कथा कारखान्यातही आहे. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत उसाच्या रसात चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड सोडून पीएच ७ च्या थोडा वर आणतात. कमी राहिला तर साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन उतारा बुडतो, जास्त झाला तर रस काळवंडतो. त्या गरम रसात इलेक्ट्रोडवर कॅल्शियमचे थर बसतात आणि मीटर बिनधास्त खोटं आकडे दाखवत राहतो. तिथे महागड्या इलेक्ट्रोडपेक्षा अ‍ॅसिडने नियमित धुणारा माणूस जास्त मोलाचा.

आमच्या प्रोजेक्टमध्ये दोन कपांचं काम जमलंय, राहिलाय तो एन्झाइमच्या आयुष्याचा प्रश्न. मे महिन्यात चाळीस अंशांत, फ्रिज नसलेल्या केंद्रावर युरिएजचा पडदा किती दिवस जिवंत राहील, हे मोजायचं आहे. त्यासाठी रोज ठरलेला युरिया घातलेलं दूध द्यायचं आणि रीडिंग किती घसरतं ते वहीत मांडायचं. थर्ड इयरच्या कुणाला हे पुढे न्यायचं असेल तर सर्किट, कोड आणि वही लॅबच्या कपाटात ठेवली आहे. दूध मात्र रोज ताजं आणावं लागेल.