ऑडी, व्होल्वो आणि लॅटिनचा आज्ञार्थ



आपल्या विंगमध्ये निम्म्या भिंतींवर गाड्यांची पोस्टर्स आहेत. ती लावणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की ‘ऑडी’ हे क्रियापदाचं रूप आहे? ऑगस्ट हॉर्श या जर्मन इंजिनिअरने १८९९ साली स्वतःच्या नावाने कंपनी काढली. १९०९ मध्ये संचालक मंडळाशी बिनसलं, तो बाहेर पडला आणि नव्या कारखान्याला पुन्हा आपलंच आडनाव द्यायला गेला, तर कोर्टाने मनाई केली. आली का पंचाईत! पण जर्मन भाषेत ‘हॉर्श’ म्हणजे ‘ऐक’. त्याच्या एका मित्राचा मुलगा शाळेत लॅटिन शिकत होता. त्याने सुचवलं, हेच लॅटिनमध्ये म्हणा की. ‘ऐक’ला लॅटिन आउदी. १९१० पासून कंपनीला तेच नाव.

‘व्होल्वो’ म्हणजे ‘मी गरगर फिरवतो’. हे नाव मुळात १९१५ साली एका स्वीडिश कंपनीने बॉल बेअरिंगसाठी नोंदवलेलं, म्हणजे अगदी चपखल. ‘फियाट’ ही खरं तर इटालियन नावाची आद्याक्षरं, पण योगायोगाने लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो ‘होवो’. एक आज्ञा, एक साधं विधान, एक इच्छा. तीन गाड्यांत क्रियापदाचे तीन अर्थ आले.

कोणी म्हणेल, सबमिशन तोंडावर आलंय आणि हा मेलेली भाषा काय शिकवतोय! तर सांगतो. गेल्या वर्षी लायब्ररीच्या मागच्या रॅकवर लॅटिन व्याकरणाचं एक जुनं पुस्तक मिळालं. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली लॅटिनमध्ये छापला गेला आणि गाउसचं संख्यांवरचं पुस्तक १८०१ मध्येसुद्धा लॅटिनमध्येच, एवढ्या कुतूहलावर मी ते उघडलं. दोन-चार पानांतच लक्षात आलं की हे तर आपल्या ओळखीचं आहे. तेव्हापासून दर गुरुवारी मेस आटोपली की टी.व्ही. रूममध्ये आम्ही सात-आठ जण बसतो. सुरुवात आज्ञार्थापासून केली, कारण आज्ञार्थ लगेच वापरता येतो. एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं. दार उघड, गप्प बस, पाणी आण. हॉस्टेलमध्ये याहून जास्त व्याकरण लागतं कुठे?

आधी उच्चार. रोमन लोकांच्या उच्चारात ‘सी’ या अक्षराचा ‘स’ कधीच होत नाही, नेहमी ‘क’. आपण ज्याला सिसेरो म्हणतो तो स्वतःला किकेरो म्हणवून घ्यायचा. ह्रस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ असा भेदही आहे, पण त्यासाठी देवनागरीत वेगळं अक्षर नाही, तो कानानेच पकडायचा.

आता मुख्य गोष्ट. मराठीत ‘ऐकणे’मधला ‘णे’ काढला की उरतं ‘ऐक’. झाली आज्ञा. लॅटिनमध्ये ‘णे’च्या जागी असतो ‘रे’. आउदीरे म्हणजे ऐकणे, ‘रे’ काढा, आउदी. पोर्तारे म्हणजे वाहून नेणे, त्याचं पोर्ता. तकेरे म्हणजे गप्प बसणे, त्याचं तके. अनेकांना सांगायचं तर मराठीत ‘आ’ लागतो, ऐका. लॅटिनमध्ये ‘ते’ लागतो, आउदीते, पोर्ताते, तकेते. रीडिंग हॉलच्या दारावर एक मोठ्ठं ‘तकेते’ लावावं असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त लेगेरे, म्हणजे वाचणे, याच्या गटात थोडी गंमत होते. एकाला लेगे, पण अनेकांना लेगिते. मधला ह्रस्व ‘ए’ तिथे ‘इ’ होतो.

चार क्रियापदं शेवटचा स्वरही गाळतात. दीक म्हणजे बोल, दूक म्हणजे घेऊन चल, फक म्हणजे कर, फेर म्हणजे आण. तिसऱ्या शब्दाला हशा पिकतो. पिकू द्या, त्यामुळेच ही चौकडी कोणी विसरत नाही. आणि त्या तिसऱ्याला हसण्यापूर्वी ऑफिसमधलं जुनं फॅक्स मशीन आठवा. ‘फॅक्स’ हा ‘फॅक्सिमिली’चा संक्षेप, आणि तो शब्द फुटतो फक सिमिले असा. म्हणजे ‘सारखं कर’. संदर्भग्रंथांच्या तळटीपांत ‘सी. एफ.’ दिसतं, ते कोन्फेर, ‘ताडून पाहा’. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर ‘एन. बी.’ असतं, ते नोता बेने, ‘नीट लक्षात घे’. लक्षात ‘घ्या’ नव्हे, ‘घे’. रूप एकवचनी आहे, पेपर प्रत्येकाला एकेकट्याला गाठून दम देतो!

नकाराची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. इंग्रजीत ‘डोन्ट’ एकच, एकाला सांगा नाहीतर शंभरांना. लॅटिनमध्ये एकाला नोली आणि अनेकांना नोलीते, आणि त्यापुढे क्रियापदाचं ‘रे’वालं मूळ रूप. नोली क्लामारे, ओरडू नको. नोलीते क्लामारे, ओरडू नका. जोडी अगदी नको-नका यांचीच. त्याहून पुढची गोष्ट अशी की नोली हे ‘इच्छा नसणे’ या क्रियापदाचं रूप आहे. शब्दशः ‘ओरडण्याची इच्छा धरू नकोस’. आपण तरी काय करतो? ‘मला चहा नको’ यातही नको आणि ‘ओरडू नको’ यातही नको. नावड आणि मनाई एकाच शब्दात. इंग्रजीवरून लॅटिन शिकणाऱ्याला हे समजवायला पानभर लागतं, आपल्याला एक ओळ पुरते.

मात्र एका जागी मराठी जीभ हमखास घसरते. लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नव्हतं. सम्राट असला तरी तो एकटा, म्हणून ‘तू’च. नमस्काराला सल्वे म्हणतात, तोही आज्ञार्थच, ‘बरा राहा’. समोर वॉर्डन सर एकटे उभे असतील तर त्यांना सल्वेच म्हणायचं. पोरं मात्र ‘सल्वेते सर’ म्हणतात, ‘या’च्या जागी ‘ये’ म्हणायला धजत नाहीत.

आज्ञा करायची तर काय करायचं हेही सांगावं लागतं, म्हणजे आलं कर्म. दार म्हणजे यानुआ, पण ‘दार उघड’ला अपेरी यानुअम. शेवटचा तो ‘म’ म्हणजे कर्माची खूण. मुलगा पुएर, ‘मुलाला बोलाव’ला पुएरुम वोका. मराठीत मुलाला ‘ला’ लावतो, दाराला लावत नाही. लॅटिन असा भेदभाव करत नाही. आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमीची बरीचशी कामं तिथे एकाच विभक्तीवर ढकललेली असल्याने संबोधन धरून सगळ्या मिळून सहाच. संबोधनातही शब्द बदलतो. मुलगाचा ‘मुला’ होतो तसा मार्कुसचा मार्के आणि ब्रूटसचा ब्रूते. पण सगळं जसंच्या तसं जुळेल या भरवशावर राहू नका. पॉम्पेईत एका घराच्या उंबऱ्याजवळ कुत्र्याचं मोझॅइक आहे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं. त्यावर लिहिलंय, कवे कनेम. आपण कुत्र्या‘पासून’ सावध राहतो, रोमन लोकांना तिथे नुसतं कर्म पुरतं.

याच विभक्तीपाशी आमच्या वर्गात एक गोष्ट घडली. फर्स्ट इयरचा एक मुलगा, दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मराठी माध्यम. व्हायवात उत्तर येत असूनही तोंड उघडायचा नाही, का तर इंग्रजी चुकेल. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर ट्रंक भरून ठेवली होती, घरी जाऊन शेती बघतो म्हणाला. रूममेटने ओढून आणला म्हणून तो गुरुवारी कोपऱ्यात बसायचा. कॉन्व्हेंटमधून आलेले आमचे दोघे-तिघे त्या ‘म’पाशी अडले होते, तो कुठे लागतो, का लागतो. कोपऱ्यातून आवाज आला, “अरे, ही तर आपली द्वितीया. स-ला-ते, स-ला-ना-ते.” आणि पुढची वीस मिनिटं तोच शिकवत होता. त्या रात्रीपासून कॉन्व्हेंटवाले विभक्ती शिकायला त्याच्या रूमवर जातात. ट्रंक रिकामी झाली. ती लॅटिनमुळे झाली असं मी म्हणणार नाही, मेसच्या बिलाची सोय लागली हे मोठं कारण. पण परवाच्या व्हायवात तो अडखळत का होईना, बोलला. लॅटिन कोणाच्याच घरची भाषा नसल्याने तिथे सगळे शून्यावरून सुरू करतात, आणि शाळेत घोकलेलं मराठी व्याकरण त्या शून्यात मोजलं जात नाही, ते वर शिल्लक असतं.

आता थोडा सराव. दारे म्हणजे देणे, मिहि म्हणजे मला, लिबेर म्हणजे पुस्तक आणि कर्म झालं की लिब्रुम. पाण्याला अक्वा. उघडणे म्हणजे अपेरीरे. यावरून लॅटिन करा: मला पुस्तक दे. मार्कुसा, पाणी आण. दार उघडू नका. शेवटच्या वाक्यात कोणाला सांगतोय ते नीट पाहा. उत्तरं घेऊन गुरुवारी रात्री नऊला टी.व्ही. रूममध्ये या. मॅच असेल त्या दिवशी वर्ग गच्चीवर भरतो.