सव्वा महिन्याचं बाळ आणि विमानाचं तिकीट

‘सव्वा महिना झाला की निघायला हरकत नाही ना, डॉक्टर?’ कांजूरमार्गच्या दवाखान्यात बाळाला पहिल्या तपासणीला घेऊन येणाऱ्या आज्या हे हमखास विचारतात. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते. जावई बंगळुरूला, दिल्लीला नाहीतर दुबईला. बाळाची नाळ पडते न पडते तोच तिकिटांचे भाव बघायला सुरुवात होते. माझं सांगणं एकच असतं : तारीख ठरवायची ती बाळाचं लसीकरण कार्ड समोर ठेवून.

सव्वा महिना आणि दीड महिन्याचा डोस यांत जेमतेम चार-पाच दिवसांचं अंतर आहे. तेवढं जरूर थांबा. सहा आठवडे पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या या डोसात डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, न्यूमोनिया, रोटाव्हायरसचे जुलाब अशा बऱ्याच आजारांविरुद्धची पहिली तटबंदी उभी राहते. डोसानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, मांडी दुखते, बाळ किरकिर करतं. ते निवळू द्या आणि मग निघा. अर्थात एका डोसाने पूर्ण संरक्षण मिळत नाही. घाई नसेल तर साडेतीन महिन्यांचा डोस उरकून निघणं आणखी चांगलं. गोवरची लस तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, आणि 2022 साली मुंबईत गोवरची साथ कशी पसरली ते आपण पाहिलं आहे. म्हणून विमानतळावर निरोप द्यायला आलेल्या सगळ्यांनी बाळाला हातोहाती घेऊन पापे घेणं बंद. ज्याला सर्दी-खोकला आहे, त्याने घरूनच आशीर्वाद द्यावा.

काही विमान कंपन्या आठवड्याभराच्या बाळालाही नेतात. तो त्यांचा नियम झाला, वैद्यकीय सल्ला नव्हे. उड्डाणात विमानातल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच असतो. आपलं कळसूबाईचं शिखर आहे सुमारे 5,400 फूट. म्हणजे बाळ कळसूबाईपेक्षाही उंच जागी बसून श्वास घेतं, तिथल्याहूनही विरळ हवेत. पूर्ण दिवसांचं, अंगावर नीट पिणारं, वजन वाढणारं बाळ हे सहज निभावतं. पण बाळ 37 आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल, काचेच्या पेटीत राहिलं असेल, ऑक्सिजन लागला असेल, हृदयाला छिद्र असेल किंवा पिताना ओठ निळसर पडत असतील, तर बालरोगतज्ज्ञांनी तपासल्याशिवाय तिकीट काढू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मोजताना जन्मतारखेबरोबर डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीखही धरायची असते.

सगळ्यात जास्त भीती असते ती कानांची, आणि तिच्यावर उपाय आईपाशीच आहे. नाकाच्या मागून कानाच्या पडद्याआड जाणारी एक बारीक नळी असते. विमान वर चढताना कानातली जास्तीची हवा तिच्यातून आपोआप बाहेर पडते; उतरताना मात्र बाहेरची हवा आत जायला ती नळी उघडावी लागते, आणि ती उघडते गिळताना. म्हणून चढताना बाळ झोपलं असेल तर खुशाल झोपू द्या. उतरताना मात्र पाजायचं. विमान खाली येऊ लागलं की कर्मचारी पट्टे बांधायला सांगतात, तेव्हा उतरायला साधारण वीस-तीस मिनिटं राहिलेली असतात. त्या वेळी बाळाला उठवा, डोकं थोडं वर ठेवून अंगावर घ्या आणि सावकाश पिऊ द्या. मुंबईच्या आकाशात विमान कधी कधी घिरट्या घालत राहतं. म्हणून एका बाजूचं दूध राखून ठेवणं बरं. नाक चोंदलं असेल तर पाजण्याआधी सलाइनचे थेंब टाका. कानात कापूस घातल्याने दाबावर काहीही परिणाम होत नाही. तेल तर कानात घालूच नका.

प्रवासात बाळ गाढ झोपावं म्हणून जायफळ उगाळून चाटवायचा सल्ला शेजारपाजारून येतो. कृपा करून तो ऐकू नका. जायफळाचं प्रमाण तान्ह्या बाळाला झेपेल इतकं मोजता येत नाही, आणि गुंगीतलं बाळ नीट गिळत नाही, त्याचा श्वासही मंदावू शकतो. सर्दीच्या औषधाने झोप येते म्हणून तेही देऊ नका. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपने मुलं दगावल्यावर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलं आहे : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत.

कागदपत्रांतला एक अडथळा बऱ्याच घरांच्या लक्षात उशिरा येतो. रुग्णालयाने जन्माची खबर 21 दिवसांत दिली तरी दाखल्यावर बाळाचं नाव नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. देशातल्या प्रवासाला वयाचा पुरावा पुरतो. परदेशी जायचं तर तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी त्यात जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. तेव्हा नाव ठरलं की पाळण्याची दोरी सोडल्या सोडल्या ते दाखल्यात घालून घ्या. आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टशी ताडून पाहा.

कांजूरहून विमानतळाचं सहारचं टर्मिनल दहा-बारा किलोमीटरवर. पण गांधीनगर जंक्शनपासून पवईपर्यंत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड कधी तुंबेल याचा नेम नाही. टॅक्सीत बसण्याआधी पाजा, ढेकर काढा, आणि हाताशी वेळ ठेवा. बाळाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. विमानात मांडीवरच्या बाळासाठी वेगळा पट्टा मागून घ्या; तुमच्या पट्ट्यात बाळाला अडकवायचं नाही. लांबच्या प्रवासात पाळणा हवा असेल तर तिकीट काढतानाच सांगा. टोपडं, स्वेटर आणि शाल यांत गुंडाळलेलं बाळ घामेजतं. एकावर एक पातळ कपडे घाला, म्हणजे काढता-घालता येतील. वरच्या दुधावरचं बाळ असेल तर उकळलेलं पाणी थर्मासात आणि भुकटी वेगळी न्या, ऐनवेळी कालवा, उरलेलं ओतून द्या.

बाळंतिणीकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. सिझेरियन झालं असेल तर आणखी. तास-दीड तासाच्या प्रवासातही पोटऱ्या हलवत राहा, पाणी भरपूर प्या, लांबच्या प्रवासात अधूनमधून उठून चाला. बाळ तेवढा वेळ नवऱ्याने किंवा आजीने सांभाळावं. एका पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली किंवा धाप लागली तर थेट रुग्णालयात जा.

आणि बाळाबद्दल शेवटचं. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, ते नीट पीत नसेल, दर मिनिटाला साठ (दोन महिन्यांनंतर पन्नास) किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल किंवा मलूल पडलं असेल, तर बॅगा भरलेल्या असल्या तरी त्या दिवशी विमानतळाकडे निघू नका. बाळाला घेऊन लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.