वहीतील नावे : लहान व्यवसाय आणि ग्राहकांशी नियमित संवाद

31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्यावर ते पत्र उभे राहिले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्याच वेळची दुसरी एक घटना व्यवसायाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. नव्या पाक्षिकाची जाहिरात रोख पैसे देऊन 'केसरी'त छापून घ्यावी, असा प्रयत्न झाला आणि तो नाकारला गेला. पैसे तयार होते, मजकूर तयार होता. पण जागा दुसऱ्याची होती. दुसऱ्याच्या भिंतीवर कोणाची पाटी लागावी, हे भिंतीचा मालक ठरवतो.

त्यापूर्वी, बडोद्याची नोकरी सुटल्यानंतर, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांत गुंतलेल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभला होता. सल्ला उत्तम होता, म्हणून व्यापारी येत होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ते येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाच्या मालात खोट नव्हती. बाजाराशी असलेला त्याचा संबंध कच्चा होता. तो एका कुजबुजीने तुटण्याजोगा होता.

या दोन घटना आज आठवण्याचे कारण असे की, या विद्यालयातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आता नोकरीची वाट पाहण्याऐवजी स्वतःचा लहानसा धंदा मांडत आहेत. कोणी छपाईचे दुकान काढले आहे, कोणी शिवणकामाचे. कोणी मसाले कुटतो, कोणी मोबाइल दुरुस्त करतो. भांडवलाची वाट पूर्वीइतकी बंद राहिलेली नाही. एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेल्या 'स्टँड-अप इंडिया' योजनेने अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी दहा लाखांपासून एक कोटीपर्यंतच्या कर्जाची तरतूद केली. यंत्र मिळते, गाळाही मिळतो. ग्राहक मात्र कोणतीही बँक देत नाही. शिरपूरच्या बाजारपेठेत ज्यांची दुकाने तीन पिढ्यांची आहेत, त्यांच्या खतावणीत आजोबांपासूनची घराणी नोंदलेली असतात. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा कापूस कधी निघणार, कोणाला उधार द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे त्यांना न विचारता कळते. आपला मुलगा किंवा मुलगी दुकान उघडते तेव्हा ती वही कोरी असते. काही जण पाटीवर आडनाव लिहीतच नाहीत. त्याचे कारण लिहिण्याची गरज नाही; विशेषतः खाद्यपदार्थांच्या व्यवसायात ते सर्वांना माहीत आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, ती वही पहिल्या दिवसापासून भरावयास घ्यावी. आणि तिच्यात ज्यांची नावे येतील, त्यांना ठरावीक दिवशी काहीतरी उपयोगाचे कळवीत राहावे. याला विपणनशास्त्रात मोठमोठी नावे आहेत, पण महाराष्ट्रात ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी होऊन गेली आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी त्याला हात लावावयास तयार नव्हता. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज होता. सुरुवातीची दोन वर्षे नांगर पडून राहिले. माल चांगला असला की तो आपोआप खपतो, हे खरे नाही, याचा असा ठसठशीत पुरावा दुसरा सापडणे कठीण. पुढे किर्लोस्करवाडीचा कारखाना वाढला आणि 1920 मध्ये, म्हणजे 'मूकनायक' निघाले त्याच वर्षी, शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत जावी, हा तिचा मूळ हेतू. पण नुसत्या नांगराच्या स्तुतीचे पत्रक दुसऱ्यांदा कोण उघडणार? हळूहळू तिच्यात शेती, उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा आणि कथा आल्या. व्यंगचित्रे तर शंकरराव स्वतःच काढीत. लोक 'खबर' वाचण्यासाठी थांबू लागले. जाहिरातीचे पत्रक म्हणून जन्मलेले ते प्रकाशन 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. त्याच घरातून 1930 मध्ये 'स्त्री' निघाले. ज्याने वाचकाचा वेळ सत्कारणी लावला, त्याच्या मालावर वाचकाने विश्वास ठेवला, असा तो क्रम होता.

कारखाना कोठे आणि आमचे दोन खोल्यांचे दुकान कोठे, असे कोणी म्हणेल. म्हणून घराजवळचे उदाहरण घेऊ. समजा, शिरपूर तालुक्यातील एका गावात दहा बहिणींचा बचत गट आहे आणि त्या उन्हाळ्यात बिबड्या, पापड व काळा मसाला करतात. त्यांचा खरा ग्राहक गावात नाही, कारण गावात घरोघरी बिबड्या होतात. तो सुरतेत आहे, नाशिक-पुण्यात आहे; नोकरीसाठी गेलेले खानदेशी कुटुंब, ज्याच्या गच्चीवर ऊन आहे पण करावयास हात नाहीत. हे कुटुंब दिवाळीस किंवा लग्नास गावी येते, दोन किलो माल घेते आणि निघून जाते. गटाच्या हाती पैसे राहतात, नाव राहत नाही. पुढच्या वर्षी तेच कुटुंब आले तर आले.

आता त्याच वेळी एका भगिनीने वही पुढे करून विचारले, "दादा, पुढच्या साली बिबड्या लागल्या की कळवू का? नंबर लिहून ठेवते," तर किती जण नाही म्हणतील? नाव, गाव, मोबाइल क्रमांक, ई-मेल असल्यास तो, काय घेतले आणि कधी घेतले, एवढे पाच रकाने पुरेत. पहिल्या वर्षी साठ नावे जमली तरी ती साठ माणसे आपण होऊन 'कळवा' म्हणालेली आहेत. कोठून तरी मिळवलेल्या सहा हजार क्रमांकांपेक्षा त्यांचे मोल अधिक. विकत मिळणाऱ्या याद्यांच्या वाटेस जाऊच नये. न विचारता येणाऱ्या निरोपाचा आपल्याला स्वतःला किती संताप येतो, ते आठवावे.

नंतर काय लिहावे? येथे बहुतेकांचे अडते. पहिला निरोप 'आमच्याकडे उत्तम माल मिळेल', दुसराही तोच, तिसरा सणाच्या शुभेच्छांचे चित्र. (या स्मरणिकेच्या मागील पानांवर आपल्या हितचिंतकांनी दिलेल्या जाहिराती आहेत, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. तरीही सांगावेसे वाटते की 'हार्दिक शुभेच्छा' आणि दुकानाचे नाव एवढ्याने वाचकाला दुकानात येण्याचे कारण मिळत नाही. दोन ओळी कामाच्या लिहिल्या असत्या तर!) बिबड्यांच्या गटाजवळ लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. या वर्षी ज्वारी कशी आली, बिबडी तळावी की भाजावी, पावसाळ्यात ती सादळू नये म्हणून डब्यात कशी ठेवावी, शेवभाजीला मसाला किती घालावा. शहरात वाढलेल्या सुनेला हे कोणी सांगितलेले नसते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, दहा-बारा ओळी. त्यातील नऊ ओळी तिच्या उपयोगाच्या असाव्यात आणि एक आपल्या मालाची. भाषा आपलीच असावी. अधूनमधून अहिराणीचा एखादा शब्द आला तर सुरतेतल्या माणसाला तो बिबडीइतकाच गोड लागेल.

भगवान बुद्धांनी सुभाषित वाणीची पाच लक्षणे अंगुत्तर निकायात सांगितली आहेत : ती योग्य वेळी बोललेली, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रीचित्ताने उच्चारलेली असावी. ग्राहकाला पाठवावयाच्या निरोपासाठी याहून चांगली कसोटी आम्हांस माहीत नाही. 'शेवटचे दोनच नग शिल्लक' हे वाक्य कोठारात दोनशे नग असताना लिहिणे म्हणजे मुसावाद. ते लहान अक्षरांत लिहिले तरी मुसावादच. त्याच निकायाच्या तिकनिपातात दुकानदाराचे तीन गुण येतात. तो डोळस असावा, म्हणजे कोणता माल किती किमतीस घेतला आणि किती किमतीस विकला तर किती उरते, हे त्याला कळावे. तो खरेदी-विक्रीत कुशल असावा. आणि तो निस्सयसंपन्न असावा, म्हणजे त्याच्या पात्रतेची खात्री असल्यामुळे लोकांनी आपण होऊन त्याला आधार द्यावा. हा तिसरा गुण दुकानात विकत मिळत नाही. तो वर्षानुवर्षांच्या खऱ्या बोलण्याने जमतो.

कोणी विचारील, फेसबुक-इन्स्टाग्राम असताना वही कशाला? ती साधने अवश्य वापरावीत, नव्या माणसाची पहिली भेट तेथेच होते. पण ती भिंत पुन्हा दुसऱ्याचीच आहे. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. ज्यांनी आपला सारा प्रेक्षकवर्ग तेथेच जमवला होता, त्यांना तो एका रात्रीत परका झाला. अशी माणसे आपल्या धुळे जिल्ह्याच्या खेड्यांतही होती. चाहते जिवंत होते, मोबाइलही त्यांच्या हातात होता. त्यांना निरोप धाडण्याची वाट तेवढी राहिली नाही. क्रमांक कागदावर असते तर राहिली असती.

साधनांविषयी थोडेसे. व्हॉट्सॲपवर गट करण्यापेक्षा 'ब्रॉडकास्ट' यादी बरी. गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि सकाळच्या सुप्रभात चित्रांत आपला निरोप वाहून जातो. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण मावतात, पण ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यालाच निरोप पोचतो. म्हणून नाव लिहून घेताना समोरच आपला क्रमांक जतन करावयास सांगावे. संस्था, कार्यालये, परदेशी गेलेली कुटुंबे यांना ई-मेल सोयीचा. तेथे सर्वांचे पत्ते 'बीसीसी'च्या रकान्यात घालावेत, नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला उघड होतो. यादीची एक प्रत कागदावर असावी. मोबाइल तापीत पडतो, चोरीस जातो, लहान मुले त्यातले सर्व पुसून टाकतात.

दुसऱ्याचे नाव आपल्या वहीत असणे ही ठेव आहे. 2023 च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही संमती स्वेच्छेची आणि विशिष्ट कारणापुरती असावी, व ती देणे जितके सोपे तितकेच परत घेणे सोपे असावे, असे सांगितले आहे. बिबड्यांसाठी घेतलेला क्रमांक विमा विकणाऱ्या भाच्याला देऊ नये. निवडणूक आली की अशा याद्या मागावयास ओळखीचेच लोक येतात. त्यांनाही देऊ नये, उमेदवार आपला असला तरी.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी आणि चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला आपल्या समाजातील कितीतरी विक्रेते पुस्तके, मूर्ती, दिनदर्शिका घेऊन बसतात. त्यांच्यापुढून लाखोंचा जनसागर जातो. गाठोडे बांधून ते परततात तेव्हा विकलेल्या प्रतींचा हिशेब त्यांच्याजवळ असतो. पण बाबासाहेबांचे पुस्तक घेणारा तो तरुण चोपड्याचा होता की चाळीसगावचा, पुढचा खंड त्याला हवा आहे काय, हे कोणालाच माहीत नसते. त्याच्यासाठी आणलेला पुढचा खंड पुढच्या वर्षीच्या गर्दीची वाट पाहत पडून राहतो. या वर्षी आपले जे माजी विद्यार्थी तेथे दुकान मांडणार आहेत, त्यांनी गल्ल्याशेजारी एक शंभर पानी वही आणि दोरीला बांधलेले पेन ठेवावे. वरच्या ओळीत लिहावे : 'नवे पुस्तक आल्यावर कळविण्यासाठी. नको असल्यास पुढे केव्हाही सांगावे, नाव काढू.' आणि कोणी तसे सांगितले, तर त्याच दिवशी काढावे.