पक्षी की भांडे?



मागच्या आठवड्यात हस्तव्यवसायाच्या तासाला आम्ही मातीचे पक्षी केले. एका मुलीच्या पक्ष्याला ना चोच, ना पंख. नुसता उभा, निमुळता आकार. सगळे हसले, "अगं, हे तर मुसळ!" ती रडवेली झाली. तेव्हा गुरुजींनी एक खरी हकिकत सांगितली.

कॉन्स्टंटिन ब्रँकुशी हे रुमानियात जन्मलेले शिल्पकार पॅरिसला राहत. त्यांनी 'अवकाशातील पक्षी' नावाचे चकचकीत ब्राँझचे शिल्प केले. त्यालाही चोच नाही, पिसे नाहीत. १९२६ साली ते बोटीने न्यूयॉर्कला गेले. तेथे कलाकृतींना जकात माफ होती. पण जकात अधिकाऱ्यांना त्यात पक्षी दिसेना. त्यांनी ते स्वयंपाकाची भांडी व दवाखान्याचे सामान यांच्या यादीत घातले आणि ४० टक्के जकात लावली!

प्रकरण कोर्टात गेले. एका साक्षीदाराला विचारले, "हा रानात दिसला तर पक्षी समजून गोळी झाडाल का?" तो म्हणाला, "नाही." पण यात उड्डाणाचा भास होतो, असेही साक्षीदारांनी सांगितले. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल लागला. वस्तू शिल्पकाराने स्वतः घडवलेली आहे, डोळ्यांना सुंदर दिसते, आणि तिचा दुसरा काही उपयोग नाही. म्हणून ती कलाकृतीच. हुबेहूब दिसलेच पाहिजे, असे नाही.

पुढे आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी ब्रँकुशींचे असे तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचा.

मला मात्र एक शंका आली. मी विचारले, "गुरुजी, आजीची गोधडी आम्ही रोज पांघरतो. तिचा उपयोग होतो, मग ती कला नाही का?" गुरुजी म्हणाले, "कोर्टाला जकात ठरवायची होती. त्यांना कुठेतरी रेघ मारावीच लागते. आपल्याला ती घाई नाही. करणाऱ्याच्या मनात काय होते आणि ते आपल्यापर्यंत पोचते का, हे आधी बघावे."

मग आम्ही त्या मुलीला विचारले, "तू काय केलंस गं?" ती म्हणाली, "तळ्यावरनं बगळा वर झेपावतो ना, तेव्हाची त्याची मान." पुन्हा पाहिले, तर खरेच बगळा दिसू लागला!

तो पक्षी खिडकीत ठेवला आहे. पालकहो, जाताना जरूर पाहा. पण हसण्याआधी एकदा विचारा.